दोन तासांवरचं घर

हायफाँग, ८ डिसेंबर २००८

तोआन,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

फोनवर तू "ताई, ओरडू नकोस, समोर माणसं बसलीत" म्हणून ठेवून देतोस. पत्राचं बरं असतं. ते मध्येच ठेवून दिलं तरी पुढचं ओरडणं कागदावर तसंच राहतं.

आईला परत आणून सोड.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. मग वाटलं, तू म्हणशील, ताईचं आपलं नेहमीचंच. म्हणून सविस्तर लिहिते. थूईच्या, तुझ्या बायकोच्या, बाळंतपणाला म्हणून मार्चमध्ये तू आईला सायगॉनला नेलंस. दोन महिन्यांची बोली होती. पोरगी आता रांगायला लागली असेल आणि आई अजून तिकडे लंगोट धुते आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तू माहेरपणाला नेलंस की कामाला, हे एकदा मला समजावून सांग.

न्यायला आलास तेव्हा इथं बसून खेकड्याच्या शेवया ओरपत होतास. आईनं विचारलं, "किती लांब आहे रे सायगॉन?"

"दोन तास, आई."

"लांब किती म्हणते मी. वेळ नाही विचारला."

"आता लांब कुणी मोजत नाही गं. विमानात बसायचं, एक डुलकी काढायची, उतरायचं. ताई हनोईला बसनं जाते, तिला जास्त वेळ लागतो."

"आणि मला जास्त झालं तर? घरी आणशील ना?"

"दोन तास गं! तू हाक मार, मी आणून सोडतो."

मी भांडी घासत होते. तुला वाटलं मला ऐकू आलं नाही. मला सगळं ऐकू आलं.

आता ती खोकते. फोनवर बोलताना निम्मं खोकणंच असतं. परवा म्हणाली, "इथल्या भिंतींवर पालीसुद्धा नाहीत, न्हान. दुपारी बोलायचं कुणाशी?" घरी यायचंय असं ती तोंडानं म्हणणार नाही, लेकाला वाईट वाटेल म्हणून. तुला वाईट वाटू नये याची काळजी या घरात सगळ्यांनी जन्मभर केली, आणि त्याचं हे फळ.

आपल्या घरातलं कुणी बाहेर मेलेलं नाही. बाबांना इस्पितळातून सायकलरिक्षात घालून आणलं होतं. पुढे मी त्यांना धरून बसले होते, तू मागून धावत होतास. दारात त्यांचा श्वास चालू होता म्हणून ते दाराच्या आत आले आणि पितरांच्या देव्हाऱ्यासमोर गेले. समोरच्या शिंपिणीचं काय झालं तेही तू पाहिलंस. ती बाजारात ट्रकखाली सापडली, आणि बाहेर मेलेल्याला घरात घेत नाहीत म्हणून तिची शवपेटी गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली ठेवली होती. स्वतःच्या घराचा उंबरा तिला परत दिसला नाही. आठवडाभर तिच्या मुली रस्त्यात उभ्या राहून तिला हाका मारत होत्या. हे सगळं तुला सांगावं लागतं, याचाच जास्त राग येतो.

तिला आण. ती चालती-बोलती आहे तोवर आण.

न्हान


हायफाँग, ३० डिसेंबर २००८

तोआन,

माझ्या पत्राला उत्तर आलं, पण तुझं नाही, थूईचं. अक्षर सुरेख आहे तिचं. वरती "दुसऱ्या ताईंना" असं लिहिलंय. तुमच्या दक्षिणेत थोरलीला दुसरी म्हणतात हे मला माहीत आहे, तिचा दोष नाही. पण तूही आता फोनवर मला "दुसरी ताई" म्हणतोस, तेव्हा वाटतं की पहिली कोण रे? ती कुठं मेली?

थूई लिहिते, सायगॉनची ऊब आईच्या हाडांना मानवते. थूई लिहिते, नव्या वर्षाला सगळेच घरी निघतात, टेटच्या आधी विमानांत जागा नाही. टेट झाला की "नक्की, अगदी नक्की." दोन नक्की लिहिले की मला भीती वाटायला लागते. एक पुरतो.

मी बाजारात सुकी मासळी विकते. माझ्याकडे सहावीच्या पुढचं शिक्षण नाही. पण एक हिशेब मलाही कळतो. घर दोन तासांवर असेल तर माणूस महिन्यातून एकदा येईल, दोन महिन्यांतून येईल, काहीच नाही तर टेटला येईल. तू चार वर्षांत एकदा आलास, तोही आईला न्यायला. तू कार्यालयात बसून लोकांना मालाची जहाजं कुठं पोचली ते सांगतोस, तुला अंतर माहीत असायला हवं. मला वाटतं, तुझं विमान एकाच दिशेनं उडतं.

बैंगकाका परवा ट्रक घेऊन आले होते माझी पोती उचलायला. म्हणाले, "म्हातारी कधी येतेय?" मी म्हटलं टेटनंतर. ते नुसती पोत्यांची दोरी आवळत राहिले. मला त्यांच्या न बोलण्याचा राग आला आणि तो मी त्यांच्यावरच काढला. खरं तर तो तुझा होता.

आई टेटला इथं नसेल ही पहिलीच वेळ. केळीच्या पानातला भात मी यंदा शिजवणार नाही. एकटीसाठी कोण एवढा खटाटोप करतं?

न्हान


हायफाँग, १० फेब्रुवारी २००९

तोआन,

हे पोस्टात टाकणार नाही. तू उद्या येतो आहेस, तेव्हा तुझ्या बॅगेत टाकीन. आत्ता लिहिते कारण हात नुसते बसत नाहीत.

तुझा सकाळचा फोन मी तीन वेळा मनात ऐकला. इस्पितळवाले म्हणाले, आता घरी न्या. मग तू तिला विमानतळावर नेलंस, चाकाच्या खुर्चीत बसवून, स्वेटर घालून, गालाला थूईची लाली लावून. लाली! काउंटरवरच्या बाईनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, डॉक्टरचा कागद आणा, असा प्रवासी आम्ही घेत नाही. बरोबरच बोलली. मरणाऱ्या माणसाला विमानात घेत नाहीत, हे तुझ्या दोन तासांत कुठं धरलं होतंस? टेटआधी ती स्वतःच्या पायांनी चढली असती.

आता म्हणतोस, रुग्णवाहिका ठरवली. आज संध्याकाळी निघेल, परवा दुपारी पोचेल. आख्खा देश खालून वरपर्यंत, खड्ड्याखड्ड्यांतून. ठीक आहे. दुसरा रस्ता नाही हे मला कळतं. मी म्हटलं, तिचा हात सोडू नकोस, थोडं थोडं पाणी पाजत राहा.

तर तू म्हणालास, "ताई, मी उद्या दुपारच्या विमानानं येतो. घराची तयारी नको का करायला?"

मी म्हटलं, "घराची तयारी मी करते! घर माझ्या समोर आहे. तू तिच्याजवळ बस."

"गाडीत जागा नाही गं. परिचारिका आहे ना सोबत. चांगली अनुभवी बाई आहे. श्वास कमी पडला तर ती तोंडावरचा हवेचा फुगा हातानं दाबत राहील, घरात शिरेपर्यंत थांबवायचं नाही असं बजावून सांगितलंय."

गाडीत जागा नाही. आईसोबत गाडीत तुला जागा नाही, आणि विमानात आहे.

मी देव्हारा पुसला. खाट देव्हाऱ्यासमोर आणली. झालं, पाच मिनिटांत झाली तयारी. आता तू येऊन काय करणार आहेस?

न्हान


हायफाँग, ३ एप्रिल २००९

तोआन,

आईचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. तू आला नाहीस. फुलांचं चक्र पाठवलंस, मोठं होतं, दारातून आत येईना. बाहेर भिंतीला टेकवून ठेवलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "मुलगा किती करतो!" मी मान हलवली.

तुझं पत्र आज मिळालं, या वेळी तुझ्या अक्षरात. त्यामुळे काहीतरी मागणं असणार हे उघडण्याआधीच कळलं.

देव्हाऱ्यातलं आईचं उदबत्तीचं भांडं सायगॉनला हवं म्हणतोस. भांडं जिथं, आई तिथं. तू एकुलता मुलगा, पितरांचा देव्हारा तुझा, ते मला मान्य आहे. जन्मल्यापासून मान्य आहे, कुणी विचारलंच नव्हतं कधी. पण तू पुढे लिहितोस ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. "आईनं शेवटचा श्वास माझ्या डोळ्यांसमोर घेतला. तिनं माझ्याकडे बघितलं, ताई, तूही पाहिलंस. ती माझी वाट बघत थांबली होती. म्हणजे तिला माझ्याकडेच राहायचं आहे."

हे तू सगळ्यांना सांगतोस हे मला ठाऊक आहे. पेटी घरात असताना तू आल्या-गेल्याला हेच सांगत होतास. मी चहा देत होते आणि ऐकत होते. ती आली त्या दुपारी तू पांढरा शर्ट घालून उंबऱ्यात उभा होतास. गाडी आली, आम्ही तिला आत आणलं, खाटेवर ठेवलं, तू वाकलास, "आई, मी आलोय" म्हणालास. मग मी तिच्या तोंडावरचा फुगा काढला आणि तू मोठ्यानं रडलास. गल्लीसुद्धा रडली. मी तेव्हा बोलले नाही. का, ते विचारू नकोस.

भांडं देणार नाही. "ताई, वर्षश्राद्धाला तू इकडे ये, दोन तास तर लागतात" असं पुन्हा लिहिलंस तर मी ते पत्र चुलीत घालीन.

माझ्या उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत. सुकटीचं पोतं उचललं की कळ खांद्यापर्यंत जाते. ते जाऊ दे.

न्हान


हायफाँग, २० जानेवारी २०१०

तोआन,

तुझा निरोप बैंगकाकांच्या फोनवर आला, कारण माझा फोन मी उचलत नाही. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी येणार, दुसऱ्या दिवशी भांडं घेऊन जाणार, विमानात भांड्यासाठी शेजारची जागासुद्धा घेतलीस. आईसाठी खिडकीची जागा! हे ऐकून मी इतकी हसले की काका घाबरले. मग हसणं थांबलं आणि मी लिहायला बसले.

तू म्हणतोस, ती तुझ्या डोळ्यांसमोर गेली, म्हणून ती तुझी. तुझ्या सगळ्या मागणीला एवढाच एक खांब आहे. तो मी आज काढून घेते.

तू आईच्या खाटेवर झोपला होतास त्या सकाळी मी घरात नव्हते. तू उठल्यावर विचारलंस तेव्हा शेजारणीनं सांगितलं, बाजारात गेली असेल. मी बाजारात नव्हते. बैंगकाकांच्या ट्रकमध्ये बसून मी आईला आणायला निघाले होते. तिच्याजवळ घरचं कुणीतरी असावं, एवढीच बुद्धी झाली. थान्ह होआच्या पलीकडे एका पेट्रोल पंपावर ती रुग्णवाहिका भेटली. रिमझिम होती. चालक चहा पीत होता.

परिचारिकेनं दार उघडलं. थाम तिचं नाव, माझ्याच वयाची. एका हातानं दार धरलं होतं, दुसऱ्या हातानं फुगा दाबत होती.

"तुम्ही कोण?"

"मुलगी."

तिनं मला आत घेतलं, दार लावलं. फुगा दाबत दाबतच म्हणाली, "ताई, तुमच्याशी खोटं बोलत नाही. त्या विन्ह शहर सोडलं तेव्हाच गेल्या. तुमच्या भावानं सांगितलंय, दारातून आत जाईपर्यंत थांबवायचं नाही, म्हणून मी दाबते आहे. आता तुम्ही आलात. तुम्ही सांगा. थांबवू?"

मी आईचा हात धरला. त्यात काही नव्हतं, तोआन. थंड होता. कपाळाला हात लावला, तेही थंड. छाती मात्र वर-खाली होत होती, कारण ती बाई वर-खाली करत होती.

थांबवलं असतं तर आई गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली राहिली असती. जन्मभर जे घर तिनं झाडलं त्यात तिला पाय टाकता आला नसता, आणि मी शिंपिणीच्या मुलींसारखी रस्त्यात उभी राहून हाका मारल्या असत्या. थामला सायगॉनपासून झोप नव्हती. मी म्हटलं, "द्या इकडे." थान्ह होआ, निन्ह बिन्ह, नाम दिन्ह, थाय बिन्ह, पुढे आपला पूल, आपली गल्ली. एकदाही थांबले नाही. थाम मधून मधून म्हणायची, "ताई, मी घेते." मी दिला नाही. मी दाबत होते आणि आईशी बोलत होते. काय बोलले ते तुला सांगणार नाही, ते आमचं आहे.

बैंगकाका ट्रक घेऊन मागून येत होते. त्यांना माहीत होतं. घराशी उतरल्यावर तेच पुढे होऊन मोठ्यानं ओरडले, "म्हातारी आली! घरी आली, बाजूला व्हा!" गल्लीनं वाट दिली. तू उंबऱ्यात होतास, स्वच्छ शर्टात, केस विंचरून. तुला वाटलं, मी गल्लीच्या तोंडाशीच गाडीत चढले. जो श्वास तू पाहिलास तो माझ्या हातातला होता. तिनं तुझ्याकडे बघितलं असं तुला वाटलं, कारण वाकलास तेव्हा तिची मान तुझ्या बाजूला कलंडली. मी तेव्हाच फुगा काढला, कारण मला पुढं दाबवेना.

म्हणजे मी मेलेली आई घरात आणली. नियम मोडला, देव्हाऱ्यासमोर मोडला. हे गल्लीत सांगायचं असेल तर खुशाल सांग, लोक माझ्या दारावरून जायचे बंद होतील, माझी मासळी विकली जाणार नाही. मला त्याचं काही नाही. मला एका क्षणाचाही पस्तावा नाही. पुन्हा तीच गाडी आली तर पुन्हा दाबीन. ती घरी आली आहे, आणि कुणाच्या कपाळावर काय लिहिलंय ते पितर बघून घेतील. पण तुझ्यासमोर ती गेली, हे आता पुन्हा कुणाला सांगू नकोस. निदान मला नको.

आता भांड्याचं. मुलगा तू आहेस, शेवटी नेण्याचा हक्क तुझा. मी दारात आडवी पडणार नाही. पण विमानानं नाही. ती ज्या रस्त्यानं आली त्या रस्त्यानं ने. मांडीवर भांडं घे, बसमध्ये बस, आणि सायगॉनपर्यंत मध्ये कुठं उतरून विमान पकडू नकोस. वाटेत उदबत्तीची राख हलू द्यायची नाही. एवढं जमणार असेल तर ये, मी स्वतः भांडं तुझ्या हातात देईन. जमणार नसेल तर वर्षश्राद्धाला ये, जेव, आणि रिकाम्या हातानं परत जा.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिणार नव्हते. वर्षभर गिळून बसले होते, पण ती जागा तू विमानात घेतलीस आणि माझा तोल गेला, म्हणून लिहिते.

मी थामला विचारलं होतं, शेवटी काही बोलली का. ती म्हणाली, ह्यू शहर मागं पडल्यावर म्हातारीनं डोळे उघडले आणि विचारलं, "तोआन पुढे बसलाय का, चालकाशेजारी?"

थाम म्हणाली, "मी हो म्हणाले, ताई. काय सांगणार होते?"

त्यावर आई म्हणाली, "मग त्याला उठवू नका. दमला असेल. झोपू दे."

तू तेव्हा इथं, तिच्याच खाटेवर झोपला होतास.

न्हान